हातउसने



१७९४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात हिंदुस्थानातून गेलेले एक पत्र प्रसिद्ध झाले. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात तोडण्यात आले. पुढे वर्षभराहून अधिक काळ लोटल्यावर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी उतरवून त्याला नवे नाक करून दिले. या पत्राने युरोपातील शस्त्रवैद्यांचे डोळे उघडले. १८१४ साली लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी त्याच रीतीने नाक घडवले आणि सुश्रुताच्या देशातील ही विद्या पाश्चात्त्य शल्यशास्त्रात दाखल झाली. कावसजीचे नाक असे जगप्रसिद्ध झाले. त्याच्या हाताची गोष्ट मात्र तेथेच थांबते. नाक करून देणारा तो कुशल कारागीर हाताकडे पाहून काय करणार होता? त्याला, किंवा त्या काळच्या जगातील कोणालाही, तेथे करता येण्यासारखे काही नव्हते.

असे का असावे? नाक आणि हात दोन्ही शरीराचेच अवयव. परंतु नाकाला मुख्यतः आकार हवा असतो आणि तो कपाळाच्या कातडीतून मिळू शकतो. हाताला आकारापेक्षा काम हवे असते. आणि हे काम कातडी, हाड, कंडरा, रक्तवाहिनी व मज्जातंतू या पाचांच्या एकजुटीने होते. पाचांपैकी एक जरी रुसला तरी उरलेल्या चौघांचे काही चालत नाही. हाताच्या शस्त्रक्रियेला दीडशे-पावणेदोनशे वर्षे अधिक का लागली, याचे उत्तर यातच आहे.

श्रोत्यांनी क्षणभर एक प्रयोग करून पाहावा. डाव्या हाताची मूठ वळावी व उघडावी, आणि ती वळत असताना उजव्या हाताने डाव्या कोपराखालचा भाग धरून ठेवावा. हालतात ती बोटे. पण जोर जाणवतो तो कोपराखाली. बोटांच्या आत एकही स्नायू नाही. तळहातात काही लहान स्नायू आहेत खरे, पण ओझे उचलणारे, दोर ओढणारे, कुदळ धरणारे बळ कोपर आणि मनगट यांमधल्या भागात असते. या भागाला शरीरशास्त्रात अग्रबाहू म्हणतात. तेथील स्नायूंपासून निघालेल्या दोऱ्या, म्हणजेच कंडरा, मनगटाखालून बोटांच्या पेरांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीचा खेळ पाहताना आपले लक्ष बाहुलीकडे असते, पण सूत्र वर असते. तसाच हा प्रकार. म्हणून अग्रबाहूला झालेली इजा ही वस्तुतः बोटांनाच झालेली इजा असते, मग बोटांवर एक ओरखडाही नसो.

आता दुसरा प्रयोग. त्याच हाताचा तळवा वर करून अंगठ्याचे व करंगळीचे टोक एकमेकांना टेकवावे आणि मनगट किंचित आत वाकवावे. पुष्कळांना मनगटाच्या मधोमध एक बारीक दोरी ताणून वर आलेली दिसेल. काहींना ती दिसणार नाही. त्यांनी घाबरून जाऊ नये. ही कंडरा अनेकांना जन्मतःच नसते आणि ती नसल्याचे त्यांना आयुष्यभर कळतही नाही. ज्यांना ती आहे त्यांच्याही पकडीत तिच्यामुळे जाणवण्याजोगी भर पडत नाही. निसर्गाने ती का ठेवली असेल ते असो; शस्त्रवैद्याच्या दृष्टीने मात्र ती अडीअडचणीला उपयोगी पडणारी गाठीची पुंजी आहे. दुसरी एखादी मोलाची कंडरा तुटून तिचा तुकडा नाहीसा झाला, तर ही काढून तेथे जोडता येते.

मला आज जे सांगावयाचे आहे ते या छोट्या दोरीत आहे. शस्त्रवैद्य नवा हात निर्माण करीत नाही. तो त्याच शरीरातून उसने घेतो. आपल्याकडे कागदपत्र न करता, परिचयाच्या माणसाकडून घेतलेल्या पैशाला हातउसने म्हणतात. हाताची पुनर्रचना हा अक्षरशः हातउसन्याचा व्यवहार आहे, आणि त्याचा नियमही व्यवहारातलाच आहे: घेणाऱ्याची गरज भागली पाहिजे, पण देणाऱ्याचे दिवाळे निघता कामा नये.

प्रथम कातडीकडे पाहू. आपल्या देशात अग्रबाहूचा चुराडा करणारी यंत्रे कोणती, हे खेड्यातल्या माणसाला सांगावयास नको. उसाचा चरक, कडबा कापण्याचे यंत्र, मळणी यंत्र, आणि शहरात कारखान्यातला पत्रा दाबणारा प्रेस. मळणी यंत्रांत हात जाण्याचे प्रकार इतके वाढले होते की, १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनासाठी संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा अपघातात कातडी सोलून निघते आणि आतल्या कंडरा व हाडे उघडी पडतात. मांडीवरून कातडीचा पातळ पापुद्रा काढून त्याचे कलम करण्याची रीत जुनी आहे. पण कलमाला जसा ओलावा लागतो तसे या पापुद्र्याला खालून रक्त मिळावे लागते. उघड्या हाडावर तो सुकून जातो, आणि कंडरेवर धरलाच तर तिला असा चिकटतो की ती सरकत नाही. तेथे हवी असते जाड, खाली चरबीचा थर असलेली, स्वतःचा रक्तपुरवठा बरोबर घेऊन येणारी कातडी.

ती आणावयाची कशी? एक सरळ उपाय असा की, कातडी हाताकडे नेण्याऐवजी हातच कातडीकडे न्यावा. ग्लासगोचे मॅकग्रेगर व जॅक्सन यांनी १९७२ साली जांघेजवळच्या कातडीचा असा एक पदर वर्णन केला. त्या पदराची एक बाजू शरीराला जोडलेली राहते आणि दुसरी बाजू जखमेवर शिवतात. सुमारे तीन आठवडे रुग्णाचा हात जांघेशी बांधलेला असतो. पदर आरंभी जांघेच्या रक्तावर जगतो. तेवढ्या अवधीत हाताकडून नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या त्यात शिरतात. मग त्याचे मूळ कापून हात मोकळा करतात. नव्याने लावलेल्या रोपाला मुळे धरीपर्यंत आधाराची काठी ठेवावी तसेच हे. तीन आठवडे हात बांधून राहणे सुखाचे नाही. कोपर आणि खांदा आखडतात, आणि रुग्णाला जेवूखाऊ घालणारे माणूस जवळ लागते. पण या उपायाला सूक्ष्मदर्शक लागत नाही आणि मध्यरात्री जागणारी मोठी तुकडीही लागत नाही. म्हणून पुस्तकांतून त्याला जुनापुराणा म्हटले जात असले तरी आपल्या देशातील रुग्णालयांत तो आजही कितीतरी हात वाचवितो. त्याला नावे ठेवणाऱ्यांनी जिल्ह्याच्या गावी एक पावसाळा काढावा, असे मला वाटते.

दुसरा मार्ग सूक्ष्मदर्शकाने मोकळा केला. एक-दोन मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक धाग्याने शिवण्याची कला १९६० नंतरच्या काळात विकसित झाली. १९७३ साली मेलबर्नचे डॅनियल व टेलर यांनी जांघेची कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसह पूर्णपणे सोडवून दूर पायावर नेली आणि तेथील वाहिन्यांना जोडली. आता पदराला मूळ ठिकाणी जोडून ठेवण्याचे कारण उरले नाही. याच सुमारास एक जुनी समजूतही ढासळली. अशी जखम बरेच दिवस उघडी ठेवून स्वच्छ होऊ द्यावी, मग झाकावी, असा परिपाठ होता. ल्युब्ल्यानाचे मार्को गोदिना यांनी शेकडो रुग्णांच्या आधारे दाखवून दिले की, मेलेला भाग निर्दयपणे काढून टाकून पहिल्या तीन दिवसांत जखम झाकली, तर पू कमी होतो आणि पदरही अधिक जगतात. त्यांचा हा निबंध १९८६ साली, त्यांच्या अकाली मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झाला. भारतात कोइमतूरच्या गंगा रुग्णालयासारख्या संस्थांनी हीच वाट पत्करली आहे.

येथे अग्रबाहू स्वतः सावकार होतो, हेही सांगितले पाहिजे. चीनमधील शेनयांग येथील शस्त्रवैद्यांनी १९७८ पासून अग्रबाहूची मऊ, पातळ कातडी तेथील रोहिणीसह काढून इतरत्र नेण्यास आरंभ केला. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होऊन ज्यांची जीभ किंवा गाल कापावा लागतो, अशा आपल्या देशातील अनेक रुग्णांची नवी जीभ ही त्यांच्याच मनगटाची कातडी असते. परंतु तेथील रोहिणी काढली तर हाताचे काय? पंजाला दोन रोहिण्या रक्त देतात, एक अंगठ्याच्या बाजूची व दुसरी करंगळीच्या बाजूची. शस्त्रक्रियेपूर्वी वैद्य दोन्ही दाबून धरतो, रुग्णाला मूठ आवळावयास सांगतो, तळवा पांढरा पडला की करंगळीकडची एकटीच सोडतो. तळव्यावर लगेच लाली पसरली तर ती एकटी संसार चालवील, असे समजावयाचे. पसरली नाही तर त्या हाताकडे मागणे करावयाचे नाही. सावकाराची ऐपत पाहूनच कर्ज घेण्याची ही रीत आहे.

हात समूळ तुटला तर? १९६२ साली बॉस्टनमध्ये एका बारा वर्षांच्या मुलाचा खांद्याजवळ तुटलेला हात रोनाल्ड माल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडला. जानेवारी १९६३ मध्ये शांघाय येथे चेन झोंगवेई यांच्या तुकडीने एका कामगाराचा मनगटाच्या किंचित वर तुटलेला उजवा हात जोडला आणि तो पुन्हा कामास लागला. या ठिकाणी थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याच्या तरी उपयोगी पडेल. तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फ मांसाला थेट लागू देऊ नये. त्याने ते जळाल्यासारखे मरते. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद, माती, चुना काही लावू नये. अग्रबाहूत स्नायू पुष्कळ असल्यामुळे, भाग थंड न ठेवल्यास, सहा तासांच्या आत त्याला रक्त मिळावे लागते. तुटलेले बोट त्याहून अधिक काळ टिकते. हे सहा तास बहुधा रुग्णालयात जात नाहीत, ते रस्त्यात जातात.

कातडी बसली, रक्त वाहू लागले, तरी बोटे हालतीलच असे नाही. या बाबतीत आपल्या देशात झालेले एक काम जगाने शिरोधार्य मानले. पॉल ब्रँड हे इंग्रज मिशनऱ्यांचे चिरंजीव. १९१४ साली तामिळ प्रदेशातील कोल्ली पर्वतावर त्यांचा जन्म झाला आणि १९४६ साली ते शस्त्रवैद्य म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. चिंगलपेटच्या कुष्ठधामात त्यांनी आत वळलेल्या, आकड्यासारख्या झालेल्या बोटांचे शेकडो हात पाहिले. त्या काळी हे हात रोगाने सडलेले, म्हणून निरुपयोगी, असे समजले जाई. त्यांवर शस्त्रक्रिया करण्याचा विचारही कोणी करीत नसे. ब्रँड यांनी अशाच एका रुग्णाला आपला हात जोराने दाबावयास सांगितले, आणि ती पकड इतकी बळकट निघाली की त्यांना वेदना झाली. याचा अर्थ उघड होता. अग्रबाहूतले स्नायू जिवंत होते. काम बिघडले होते ते दुसरीकडे.

त्याचे कारण असे. कुष्ठाच्या जंतूला थंड जागा मानवते, आणि मज्जातंतू जेथे कातडीच्या जवळून जातात तेथे तो त्यांना गाठतो. कोपर कशावर आपटले की ज्याच्या झिणझिण्या करंगळीपर्यंत जातात, तो मज्जातंतू सर्वांत आधी सापडतो. मनगटाजवळ दुसरा सापडतो. त्यामुळे तळहातातले लहान स्नायू लुळे पडतात आणि बोटे वाकडी होतात. पण मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचा मज्जातंतू खोल, मांसाखाली असल्याने बहुधा वाचतो. मग मनगट उचलणाऱ्या अनेक दोऱ्यांपैकी एक सोडवून तिला चार शेपट्या जोडाव्या आणि त्या चार बोटांना बांधाव्या, तर? ब्रँड यांनी हेच केले. मनगट उचलण्यास उरलेल्या दोऱ्या पुरतात. सावकाराचे काही अडत नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पुन्हा शिकावे लागते. बोटे सरळ करावयाची तर आरंभी मनगट उचलण्याचा विचार मनात आणावा लागतो; काही आठवड्यांनी मेंदू ही अदलाबदल मान्य करतो आणि विचार करण्याची गरज राहत नाही.

एवढे झाल्यावर एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. बरे झालेले काही रुग्ण परत येऊन सांगू लागले की, या हातांना भीक मिळत नाही. वाकड्या बोटांची दया येणारे लोक सरळ बोटांना एक पैसाही देत ना, आणि कुष्ठरोग्याला काम तर कोणीच देत नसे. शस्त्रवैद्याने हात दिला, समाजाने त्याला काम दिले नाही. तेव्हा १९५१ साली वेल्लोर येथे नवजीवन केंद्र निघाले. तेथे रुग्णांना सुतारकामासारखे धंदे शिकविण्यात आले, आणि अवजारांच्या मुठी बधिर हातांना इजा करणार नाहीत अशा घडविण्यात आल्या. आपल्या महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढवा येथे व नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरुग्णांच्या हातांवर व चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया करून हीच परंपरा पुढे नेली.

मज्जातंतू मुळातच तुटला तर तोही उसना आणता येतो. पायाच्या पोटरीमागचा एक मज्जातंतू त्यासाठी काढतात. पावलाच्या बाहेरच्या कडेला थोडी बधिरता येते, एवढेच व्याज. जोडलेला मज्जातंतू मात्र दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. मोटरसायकलवरून पडून ज्यांच्या मानेतूनच हाताचे मज्जातंतू उपटून निघतात, त्यांना एवढी वाट पाहून चालत नाही, कारण तोपर्यंत स्नायू वाळून जातो. अशा वेळी बरगड्यांमधले, श्वासाला मदत करणारे मज्जातंतू दंडाच्या स्नायूला जोडतात. त्या रुग्णाला प्रथम कोपर वाकवावयाचे तर दीर्घ श्वास घ्यावा लागतो! १९९४ साली पॅरिसच्या ओबेर्लँ यांनी याहून जवळची वाट दाखविली. पंजाकडे जाणाऱ्या चांगल्या मज्जातंतूतील एखादा पेड काढून तो दंडातच जोडावयाचा. तेथे मूठ आवळण्याचा विचार केला की कोपर वाकते.

कधी कधी मात्र उसने मिळण्यासारखे काही उरत नाही; तेव्हा शस्त्रवैद्याला आहे तेच वाटून घ्यावे लागते. अग्रबाहूतील दोन्ही हाडांचे तुकडे नाहीसे झाले तर एकाचे वरचे टोक दुसऱ्याच्या खालच्या टोकाला जोडून एकाच हाडाचा हात करतात. तळवा पालथा-उताणा करण्याची कला गेली, पण बळ राहिले. याहून धाडसी उपाय पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जर्मनीचे हेर्मान क्रुकेनबर्ग यांनी काढला. पंजा गेलेल्या अग्रबाहूचीच मधोमध चीर करून दोन हाडांचा चिमटा करावयाचा. दिसावयास तो अत्यंत विचित्र. पाहणारा प्रथम नजर वळवितो. पण त्या चिमट्याला स्पर्श कळतो. कृत्रिम हाताला पेला गरम आहे की गार हे कळत नाही, याला कळते. दोन्ही पंजे आणि डोळेही गमावलेल्या सैनिकाला या चिमट्याने आपल्या हाताने जेवता आले, गुंडी लावता आली. हा हात कुरूप आहे असे म्हणणाऱ्यांचे दोन्ही हात सहसा धड असतात.

आणि अखेर परक्याकडून घेतलेले हात. १९९८ साली फ्रान्समधील ल्यों येथे, आणि जानेवारी २०१५ मध्ये कोचीच्या अमृता संस्थेत, मृत व्यक्तीचे हात जिवंत माणसाला जोडण्यात आले. येथे देणारा गेलेला असतो, पण कर्ज फिटत नाही. परका हात शरीराने नाकारू नये म्हणून औषधे रोज, जन्मभर घ्यावी लागतात; त्यांचा खर्च मोठा आणि जंतुसंसर्गाचा धोका कायमचा. म्हणून ज्याचा एक हात शाबूत आहे त्याला हा सल्ला देताना वैद्य बराच विचार करतात.

या सर्व निर्णयांत ग्रंथांत न सापडणारा एक भाग असतो. कोपर कायमचे आखडणार असेल तर ते कोणत्या कोनात आखडू द्यावे, हा प्रश्न घ्या. टेबलाशी बसून काटा-चमच्याने जेवणाऱ्याचे भागेल तो कोन मांडी घालून पानावर बसणाऱ्याला पुरेलच असे नाही. घास हाताने तोंडापर्यंत पोचावयाचा, तर कोपर काटकोनापेक्षा अधिक दुमडलेले हवे. दोन्ही कोपरे आखडणार असतील, तर एक घासासाठी दुमडलेले आणि दुसरे शौचाच्या स्वच्छतेसाठी बरेचसे सरळ ठेवावे लागते. म्हणून जाणता शस्त्रवैद्य क्ष-किरणांचे चित्र पाहण्याच्या आधी रुग्णाला विचारतो, की बाबा, तू काम काय करतोस, आणि या हाताने करतोस की त्या? शिंप्याला कात्री चालविण्यासाठी अंगठा हवा, दूध काढणाऱ्याला चार बोटांची मूठ हवी, आणि डोक्यावर हंडा नेणाऱ्या बाईला, बोटे थोडी कमी वळली तरी, खांदा आणि कोपर वर जावयास हवे.